वाचकांचे प्रश्न : संघराज्याचा विचार आणि युरोपची एकी

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात वाद झाला. युरोप एक करण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धात एका बेटावरच्या कैद्यांनी मांडली, असे एका सदस्याचे म्हणणे होते. ती चर्चिल यांची कल्पना, असे दुसरे गृहस्थ ठासून सांगत होते. खरे काय समजावे, आणि संघराज्याचा विचार मुळात कोणाचा? (एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मात्र कल्पना दोघांपेक्षाही बरीच जुनी आहे. फ्रान्सच्या झाँ बोदँ यांनी १५७६ मध्ये सार्वभौमत्व अविभाज्य असल्याचा सिद्धांत मांडला आणि पुढे तो राजेरजवाड्यांना फार सोयीचा ठरला. त्याला पहिले भक्कम उत्तर १६०३ मध्ये योहानेस आल्थुसियस या जर्मन पंडिताने दिले. कुटुंब, व्यवसायसंघ, नगर, प्रांत आणि राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी समाज घडतो, प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या संमतीवर उभी असते आणि सार्वभौमत्व राजाचे नसून या साऱ्या लोकसमुदायाचे असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या वऱ्हाडात तर १८५३ नंतर मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा अशी व्यवस्था कितीतरी वर्षे चालली, त्यामुळे सार्वभौमत्वाची वाटणीच होऊ शकत नाही हे बोदँ यांचे म्हणणे वऱ्हाडी माणसाने तरी सहजासहजी मान्य करू नये. अर्थात त्या वाटणीत रयतेला कोणी विचारले नव्हते, हा आल्थुसियस यांच्या आणि त्या व्यवस्थेमधला मोठा फरक.

यापुढचे निर्णायक पाऊल अमेरिकेत पडले. राज्याराज्यांमधील १७८१ च्या करारानुसार तिथल्या काँग्रेसला, म्हणजे मध्यवर्ती सभेला, नागरिकांवर कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे रकमेची मागणी करी आणि राज्ये जमेल तसे, जमेल तेवढे देत. १७८७-८८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या अमेरिकी मुत्सद्द्यांनी नव्या संविधानाच्या समर्थनार्थ ८५ लेख लिहिले. त्यांत हॅमिल्टन यांनी या दुखण्याचे मूळ सांगितले : जे मध्यवर्ती सरकार राज्यांना हुकूम सोडते पण नागरिकापर्यंत थेट पोहोचू शकत नाही, ते नावापुरतेच सरकार असते. युरोपच्या एकीच्या इतिहासातला जवळजवळ प्रत्येक वाद या एका विधानापाशी येऊन थांबतो, म्हणून ते लक्षात ठेवावे.

युरोपात जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९५ मध्ये चिरशांततेसाठी स्वतंत्र प्रजासत्ताकांचा संघ सुचवला, फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्युगो यांनी १८४९ च्या पॅरिस शांतता परिषदेत ‘युरोपची संयुक्त संस्थाने’ ही घोषणा दिली आणि १९२९ मध्ये फ्रान्सचे ब्रियाँ यांनी राष्ट्रसंघात संघटित युरोपचा प्रस्ताव ठेवला. ही सारी सद्भावना होती. कर कोण घेणार आणि सैन्य कोणाचे, या प्रश्नाला तिने हात घातला नाही.

आता बेटाविषयी. मुसोलिनीच्या राजवटीने आपल्या विरोधकांना इटलीच्या पश्चिमेकडील व्हेंतोतेने या चिमुकल्या बेटावर नजरकैदेत ठेवले होते. त्यांत आल्तिएरो स्पिनेल्ली हे पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट होते, एर्नेस्तो रॉस्सी हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि युजेनियो कोलोर्नी हे तत्त्वज्ञ होते. पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झालेले लुइजी एइनाउदी यांनी रॉस्सी यांना ब्रिटिश संघराज्यवाद्यांची काही पुस्तके पाठवली आणि कैद्यांच्या चर्चेला दिशा मिळाली. १९४१ मध्ये स्पिनेल्ली आणि रॉस्सी यांनी जाहीरनामा लिहिला. तो सिगारेटच्या पातळ कागदांवर उतरवला गेला, आणि कोलोर्नी यांच्या पत्नी उर्सुला हिर्शमान यांनी तो लपवून मुख्य भूमीवर नेला. यापुढे पुरोगामी कोण आणि प्रतिगामी कोण याची कसोटी डावे-उजवे ही राहणार नाही; राष्ट्राची सत्ता पुन्हा उभारणे हेच ज्यांचे ध्येय ते एका बाजूला आणि राष्ट्रांच्या वर खरेखुरे राज्य उभारू पाहणारे दुसऱ्या बाजूला राहतील, असे त्यात म्हटले होते. त्या वेळी जवळपास सारा युरोप हिटलरच्या टाचेखाली होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या लेखनाचे धाडस कळते. कोलोर्नी यांना मे १९४४ मध्ये रोममध्ये फासिस्टांनी गोळ्या घातल्या. मुक्त झालेला युरोप पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

चर्चिल यांचे झुरिचचे भाषण १९ सप्टेंबर १९४६ चे. त्यांनी युरोपच्या संयुक्त संस्थानांची हाक दिली हे खरे, पण ब्रिटनला त्यांनी शुभचिंतकाच्या भूमिकेत बाहेरच ठेवले होते. तेव्हा वाचनालयातल्या वादात मी माझे मत बेटाच्या बाजूने देईन.

प्रश्न : मग आजचा युरोपीय संघ हे संघराज्य आहे, की करारांनी बांधलेली राष्ट्रांची संघटना? (कायद्याचा विद्यार्थी, पुसद)

उत्तर : कायद्याच्या बाबतीत तो संघराज्यासारखा वागतो, तिजोरी आणि सैन्य यांच्या बाबतीत मुळीच नाही. असे का झाले, हे पाहण्यासाठी १९५० कडे जावे लागते. फ्रान्सच्या नियोजनाचे प्रमुख झाँ मोने यांनी आखलेली आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमाँ यांनी ९ मे १९५० रोजी जाहीर केलेली योजना अशी होती की फ्रान्स आणि जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका उच्चाधिकार मंडळाच्या हाती द्यावे, म्हणजे एकमेकांविरुद्ध तोफा ओतणेच अशक्य होईल. १९५१ मध्ये सहा देशांनी करार केला. त्या मंडळाला कोळसा आणि पोलाद कारखान्यांकडून थेट शुल्क घेता येत असे, म्हणजे हॅमिल्टन यांची अट एका छोट्या क्षेत्रापुरती पुरी झाली. मोने यांचा भरवसा असा की एका क्षेत्रातून दुसरे क्षेत्र आपोआप ओढले जाईल. स्पिनेल्ली यांना हे मान्य नव्हते. सत्ता अशी तुकड्यातुकड्यांनी गोळा होत नसते, त्यासाठी लोकांनी निवडलेली संविधानसभाच हवी, असा त्यांचा आग्रह होता.

स्पिनेल्ली यांची संधी जवळ आली होती. कोरियातील युद्धानंतर जर्मनीला पुन्हा शस्त्रे देण्याची वेळ आली, तेव्हा जर्मन सैन्यापेक्षा युरोपीय सैन्य बरे म्हणून फ्रान्सनेच संयुक्त संरक्षण समुदायाचा प्रस्ताव मांडला. मे १९५२ मध्ये करारावर सह्या झाल्या. स्पिनेल्ली यांनी इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी यांचे मन वळवले होते आणि त्यातूनच राजकीय संघाचा मसुदा तयार करण्याची तरतूद करारात आली होती. मसुदा १९५३ मध्ये तयारही झाला. मात्र ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ३१९ विरुद्ध २६४ मतांनी, मूळ विषयावर चर्चाही न करता, करार बाजूला सारला. सैन्याचा मार्ग बंद झाला, म्हणून बाजाराचा मार्ग उरला. १९५७ चा रोमचा करार हे त्याचे फळ; त्यातून सामायिक बाजारासाठी युरोपीय आर्थिक समुदाय उभा राहिला.

कायद्याची गोष्ट मात्र अनपेक्षित वाटेने पुढे गेली. इटलीने वीजकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा मिलानच्या एका वकिलाने, जो वीजकंपनीचा भागधारकही होता, विजेचे किरकोळ रकमेचे बिल भरायला नकार दिला. तो खटला लक्झेंबर्गच्या, म्हणजे समुदायाच्या, न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्राने नंतर केलेला कायदाही समुदायाच्या कायद्यावर मात करू शकत नाही, हे तत्त्व १९६४ च्या त्या निकालात, कोस्टा (तो वकील) विरुद्ध एनेल (राष्ट्रीयीकृत वीजसंस्था) या खटल्यात, सांगितले गेले. कायद्याच्या विद्यार्थ्याने तो निकाल मुळातून वाचावा.

तिजोरीचे काय? संघाचा अर्थसंकल्प सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो आणि करांविषयी निर्णय सर्वसंमतीनेच होतात. सामायिक सातबाऱ्यावर एका भावाने सही नाकारली की सगळ्यांचे कर्ज अडते, तशीच २७ देशांची गत होते. कोविडच्या साथीनंतर २०२० मध्ये ७५० अब्ज युरोंचा निधी सामायिक कर्जातून उभारण्याचे ठरले, ती मोठी झेप होती, तरी तो अपवाद म्हणूनच मान्य झाला.

स्पिनेल्ली अखेरपर्यंत थांबले नाहीत. १९७९ मध्ये युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली, त्यात ते निवडून आले, आणि १४ फेब्रुवारी १९८४ रोजी संसदेने त्यांचा युरोपीय संघाचा मसुदा २३७ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर केला. सरकारांनी तो स्वीकारला नाही. १९८६ मध्ये सरकारांनी केलेला ‘सिंगल युरोपियन ॲक्ट’ हा करार मुख्यतः बाजारापुरताच होता. २००५ मध्ये संविधानाचा करार फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनीच फेटाळला, आणि मला वाटते, ही ठेच १९५४ पेक्षा मोठी, कारण यावेळी नकार थेट लोकांचा होता.

प्रश्न : वेगळ्या विदर्भासारखी मागणी युरोपात असती, तर ब्रुसेल्सने ती मान्य केली असती का? (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : नाही, कारण ब्रुसेल्सला, म्हणजे तिथून चालणाऱ्या युरोपीय संघाला, तो अधिकारच नाही. सदस्य देशाच्या अंतर्गत सीमा हा त्या देशाचा विषय आहे. आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने नवे राज्य करू शकते. विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती आणि तरी तो झाला नाही, यामागे राजकारण होते, संविधानाची अडचण नव्हती. उलट युरोपात देशाला बाहेर पडता येते, जसे ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी पडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की भारताचा संघ हा घटकांमधील कराराचे फलित नाही, म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून फुटण्याचा हक्क नाही.

प्रश्न : युरोपात सर्व देशांचे शेतीधोरण एक आहे असे ऐकतो. तिथे कापसाला काय मिळते? (कापूस उत्पादक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : शेतीधोरण १९६२ पासून सामायिक आहे. त्याच्या खर्चाच्या प्रश्नावरून १९६५ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दे गॉल यांनी फ्रान्सच्या मंत्र्यांना बैठकांतून काढून घेतले आणि सहा-सात महिने कामकाज खोळंबले, इतका तो पैसा कळीचा होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी संघाचा सुमारे दोन-तृतीयांश खर्च शेतीवर होई. आता तो जवळपास एक-तृतीयांशावर आला आहे. कापूस मुख्यतः ग्रीसमध्ये आणि काही प्रमाणात स्पेनमध्ये पिकतो. १९८१ मध्ये ग्रीस सामील झाला, तेव्हा कापसासाठी स्वतंत्र परिशिष्ट करारात जोडण्यात आले आणि आजही त्या आधारे तिथल्या शेतकऱ्याला हेक्टरी ठरावीक अर्थसाहाय्य मिळते. बाहेरून येणाऱ्या कच्च्या कापसावर संघ आयात शुल्क घेत नाही. आपल्याकडे शेती राज्यसूचीत आहे, पण हमीभाव केंद्र जाहीर करते. त्यामुळे भाव पडला की मुंबईने दिल्लीकडे आणि दिल्लीने मुंबईकडे बोट दाखवण्याची सोय होते. ग्रीसच्या शेतकऱ्याला निदान कोणत्या दारात धरणे धरायचे ते ठाऊक असते, आणि ट्रॅक्टर घेऊन तो तिथे जातोही.