डायनेला काळ्या जमिनीत का सडते?

प्रश्न (यावल तालुका): ओट्यासमोर जूनमध्ये डायनेला या शोभेच्या झाडाची बारा रोपे लावली. जमीन काळी, म्हणून खड्ड्यांत वाळू आणि शेणखत भरले. श्रावणात मधला कोंब पिवळा पडला, ओढला की हातात येतो. सात रोपे गेली. कोणते औषध मारू?

उत्तर: भाऊ, औषधाच्या दुकानात जाण्याआधी पाऊस उघडला की मेलेल्या रोपाचा खड्डा उकरून बघा. बहुतेक तळाशी पाणी दिसेल. आपली काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली जायचे थांबते. अशा मातीत वाळूचा खड्डा म्हणजे हौदच. आजूबाजूचे पाणी त्यात उतरते आणि तिथेच राहते.

डायनेला दिसते गवतासारखी, पण ते गवत नाही. तिला हळदीसारखे जमिनीतले आडवे खोड असते आणि पानांचा पंखा त्यातून फुटतो. या खोडाला हवा लागते. ती कोंडली की सड सुरू होते. मग वरून कितीही फवारा, उपयोग नाही.

उरलेली पाच रोपे उघडीप बघून उचला. काळा पडलेला भाग धारदार चाकूने कापा आणि एक दिवस सावलीत सुकू द्या. वीतभर ते फूटभर उंच गादीवाफा करा. दोन भाग पोयटा, एक भाग मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण पूर्ण वाफ्यात घाला, फक्त खड्ड्यात नको. पानांचा बुडखा मातीत गाडू नका, तो जमिनीच्या पातळीवर राहू द्या. दोन रोपांत दीड फूट अंतर पुरते. शेणखतात ट्रायकोडर्मा (मातीतली उपयोगी बुरशी) मिसळला तर चांगलेच, पण त्याने सड टळायला मदत होते, सडलेला गड्डा बरा होत नाही.

प्रश्न (भुसावळ): पांढऱ्या पट्ट्याच्या डायनेलाचे शेंडे मे महिन्यात वाळतात. रोज पाणी देतो, तरीही.

उत्तर: रोजचे थोडे पाणी बंद करा. पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगत पट्ट्याचे झाड भाजणारच. हिरव्या पानाची जात त्यापेक्षा काटक असते. झाड घराच्या पूर्वेला किंवा निंबाच्या विरळ सावलीत हलवा. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली तिला मानवते. बोटभर माती खरवडून कोरडी लागली तरच मुळांपर्यंत पोहोचेल इतके पाणी द्या. आपल्याकडे केळीची वाळलेली पाने हवी तितकी मिळतात. त्यांचे आच्छादन करा, फक्त बुडख्यापासून चार बोटे दूर ठेवा आणि पावसाळ्याआधी काढून घ्या. बोअरचे पाणी खारे असेल किंवा युरिया जास्त पडला असेल, तरीही शेंडे जळतात. वाळलेला शेंडा पुन्हा हिरवा होत नाही, तो कापून टाका.

प्रश्न (शिरपूर): रोपे विकत न घेता वाढवता येतील का? एकरभर लावू का?

उत्तर: ताई, वाढवता नक्की येतील. दिवाळीच्या सुमारास जुने बेट उपटा आणि प्रत्येक तुकड्याला मुळांसह तीन-चार फुटवे ठेवून वेगळे करा. पाने निम्मी छाटा म्हणजे रोप लवकर सावरते. एप्रिल-मेमध्ये हे काम करू नका. एकराचा विचार मात्र सोडा. ही शोभेची झाडे आहेत, आणि माल घेणारा आधी ठरलेला नसेल तर केळी-कपाशीची जमीन त्यात अडकवू नये. परसात शंभरेक पिशव्या भरा, जवळच्या नर्सरीवाल्याला दाखवा, मग पुढचे ठरवा.

एक गोष्ट सगळ्यांसाठी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हिचे पान गवती चहासारखे दिसते. परसात दोन्ही शेजारी लावू नका, घाईत चहात भलतेच पान पडेल. फुलांनंतर निळी-जांभळी चकचकीत फळे येतात, मुलांचा हात तिकडे जातोच. काही जातींची फळे विषारी असतात आणि नर्सरीतल्या रोपाची नेमकी जात आपल्याला सांगता येत नाही. घरात लहान मूल असेल तर फुलांचा दांडा दिसताच कापा.