काउंटर-स्ट्राइकचा आजवरचा सर्वांत भारी प्लेयर कोण: सिंपल की झायवू?

झायवू. झालं तुमचं उत्तर. आता जा आणि रूममेटकडून पैजेची मिसळ वसूल करा.

नव्या वाचकांसाठी: काउंटर-स्ट्राइक म्हणजे पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा कॉम्प्युटर गेम, एक टीम बॉम्ब लावते, दुसरी अडवते. तुम्ही लिहिलंय की रूममेट युक्रेनच्या सिंपलवाला, तुम्ही फ्रान्सच्या झायवूवाले, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडावर एचएलटीव्हीचं, म्हणजे प्लेयरांना गुण देणाऱ्या साइटचं, रेटिंग फेकताय. वर विचारलंय की नव्याने शिकणाऱ्याने या दोघांपैकी कोणाचे डेमो, म्हणजे मॅचची रेकॉर्डिंग, बघावेत. इथवर ठीक होतं. पण 'शेवटी रेटिंग खोटं बोलत नाही' हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझं डोकं सटकलं. हेच वाक्य मी घरच्या घरी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, म्हणून पुढचं लिहितोय.

२०१८ साली एचएलटीव्हीने वर्षाचा पहिला नंबर सिंपलला दिला, दुसरा डिव्हाइसला. त्याच वर्षी लंडनच्या मेजरची, म्हणजे या गेममधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची, फायनल कोणाची झाली? नावी विरुद्ध एस्ट्रालिस, म्हणजे पहिल्या नंबरवाल्याची टीम विरुद्ध दुसऱ्या नंबरवाल्याची. एस्ट्रालिसने सरळ २-० ने उडवलं. इंटेल ग्रँड स्लॅम नावाच्या बक्षिसाचे दहा लाख डॉलरही त्या वर्षी तेच घेऊन गेले. सिंपल त्या वर्षी राक्षसासारखा खेळला, यात वाद नाही. पण एकटा राक्षस विरुद्ध पाच माणसं, यात माणसं जिंकली.

आणि त्या पाचात झिप-नाइन-एक्स होता. त्याला लोक क्लच मिनिस्टर म्हणायचे. बाकीचे चौघं पुढे जाऊन मारामारी करणार, हा मागे राहून फ्लॅश (समोरच्याला क्षणभर आंधळं करणारा ग्रेनेड) आणि स्मोक (धुराचा) टाकणार, बंदूक दुसऱ्याला देणार, आणि सगळे मेले की शेवटी एकटा दोघांशी लढून राउंड काढणार. ग्लेव्ह कॉल द्यायचा, म्हणजे कोणी काय करायचं ते सांगायचा, डिव्हाइस स्नायपर धरायचा, आणि वॉलपेपर कोणाचे लागायचे ते तुम्हाला माहीत आहेच.

त्याच पाचातल्या ड्युप्रीचं नाव तर तुमच्या प्रश्नात आलंच नाही. एस्ट्रालिसबरोबर चार मेजर: २०१७ ला अटलांटा, २०१८ ला लंडन, २०१९ ला कॅटोविस आणि बर्लिन. पाचवं २०२३ ला पॅरिसमध्ये, व्हायटॅलिटी टीमकडून, तुमच्या झायवूच्या शेजारच्या खुर्चीत बसून. पाच मेजर! तरी वादात नाव नाही.

आता माझं का दुखतं ते सांगतो.

२००८ च्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळ एक कॅफे होता. खाली झेरॉक्स, वर आठ-दहा पीसी, आणि सगळ्यांवर वन पॉइंट सिक्स, काउंटरचं जुनं व्हर्जन. आमची पाच जणांची टीम तिथेच जमली. स्नायपर होता माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा मोठा, म्हणून दादा. दादाचा हात भारीच होता, ते नाकारत नाही. पण हाताला बंदूक लागते, आणि बंदुकीला गेममधले पैसे. एडब्लूपीची, म्हणजे स्नायपरच्या बंदुकीची, किंमत तेव्हाही ४७५० होती, आजही ४७५०च आहे. गेमची दोन नवी व्हर्जन आली, एके रायफलचा भाव बदलला, बॉम्ब निकामी करायच्या डिफ्यूज किटचा बदलला, या बाईचा नाही. दादा मेला की त्याची बंदूक गेली. मग पुढच्या राउंडला ४७५० कुठून येणार? माझ्याकडून. बी, चार, सहा ही खरेदीची बटणं, आणि लगेच जी, बंदूक खाली टाकायचं. माझ्या पैशाची बंदूक जमिनीवर, दादा ती उचलून लाँग नावाच्या लांब गल्लीला पसार, आणि मी यूएसपी पिस्तूल, दोन फ्लॅश आणि डिफ्यूज किट घेऊन त्याच्या मागे. सगळा सेकंड हाफ असाच.

एका कॉलेजच्या फेस्टमध्ये टुर्नामेंट होती. कॉलेजचं नाव घेत नाही, नाहीतर तिथले माजी विद्यार्थी इथे येऊन भांडतील. फायनल नाशिकरोडच्या टीमशी, मॅप डस्ट टू. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. मध्येच लाइट गेली, सगळे यूपीएस एका सुरात ओरडायला लागले, जनरेटर सुरू होईपर्यंत दोन पीसी बंद पडले आणि तो राउंड पुन्हा खेळावा लागला. असं करत करत १५-१४ झालं. आम्ही पुढे, आम्ही सीटी, म्हणजे बॉम्ब अडवणारे, शेवटचा राउंड.

ते सगळे लाँगने येणार हे मला पावलांवरून कळलं. दादा बॉम्ब लावायच्या जागेवरून, म्हणजे साइटवरून, स्कोप लावून बसलेला. मी एक फ्लॅश दरवाज्यावरून आत टाकला. तो फुटला, पण पहिल्या दोघांनी तोंड फिरवलेलं, म्हणजे ते आंधळे झाले नव्हते. दुसरा फ्लॅश टाकला आणि तो फुटायच्या आत मीच हातात यूएसपी घेऊन कोपऱ्यातून बाहेर आलो. कोणी समोर आलं की माणूस त्याच्याकडेच बघतो, त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मला मारलं, आणि मला मारताना फ्लॅश थेट त्यांच्या डोळ्यांसमोर फुटला. दादाने उभ्या पुतळ्यांसारखे तिघं टिपले. उरलेले दोघं बॉम्ब उचलायला पुढे यायचं धाडस करेनात आणि वेळ संपली. १६-१४.

हॉलमध्ये जो गोंधळ झाला त्यात लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं. मग आयोजकांतला एक मुलगा आला, त्याने टॅब दाबलं आणि स्क्रीनवरून आकडे कागदावर उतरवले. ज्यांनी वन पॉइंट सिक्स खेळलंय त्यांना आठवेल, त्या टॅबवर फक्त किल आणि डेथ दिसायचे. असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या किलला केलेली मदत, हा रकानाच नव्हता. बॉम्ब डिफ्यूज केला तर तीन किल जास्तीचे मिळायचे, बस्स. फ्लॅशला शून्य. दिलेल्या बंदुकीला शून्य. अंगावर गोळ्या घेतल्या की उलट एक डेथ. दादाचा आकडा तिशीच्या घरात, माझा जेमतेम दहा. बेस्ट प्लेयर दादा, बक्षीस हेडफोन.

हेडफोनचं मला काही नव्हतं. घरी येताना गाडीवर मी एवढंच म्हटलं, "शेवटच्या राउंडला फ्लॅश चांगला बसला ना?" त्यावर दादा म्हणाला, "फ्लॅश कोणीही टाकतो रे. गोळी तर मीच मारली ना?"

तेव्हापासून हा वाद चालू आहे. आता दादा अंबडला एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, दोन मुलांचा बाप आहे, तरी दर लग्नात, दर बारशाला कोणी गेमचा विषय काढला की तो हेडफोनची गोष्ट सांगतो आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हा पण होता आमच्या टीममध्ये." हा पण! पंगतीत वाढणाऱ्याचा फोटो अल्बममध्ये नसतो तसलाच प्रकार.

बरं, हे फक्त आमच्या घरापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. गेम बनवणारी व्हॉल्व्ह कंपनीसुद्धा हेच करते. कोल्डझेराने २०१६ ला कोलंबसच्या मेजरमध्ये मिराज मॅपच्या बी साइटवर उडी मारून स्नायपरने किल घेतले, तिथे गेममधल्या भिंतीवर त्याची ग्राफिटी लागली. (तेव्हा समोरच्या लिक्विड टीममध्ये सिंपलच होता, हे तुमच्या रूममेटला जरूर सांगा.) त्याच वर्षी कोलोनला सिंपलने कॅश नावाच्या मॅपवर खाली पडता पडता नोस्कोप, म्हणजे स्कोप न लावता, मारला, तिथे त्याची ग्राफिटी. आता फ्लॅश टाकणाऱ्याची ग्राफिटी मला एका तरी मॅपवर दाखवा. इन्फर्नो मॅपला दोसियाची आहे, माहितीये, पण तो स्फोटाचा ग्रेनेड होता, फ्लॅश नव्हे.

हा रोग फक्त काउंटरचा नाही. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी घ्या. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडला भारताच्या पुरुष संघाने पहिल्यांदा सुवर्ण जिंकलं. पहिल्या पटावर गुकेश, तिसऱ्यावर अर्जुन, दोघांना वैयक्तिक सुवर्णही मिळालं आणि ते योग्यच होतं. चौथ्या पटावर विदित होता. विचारा बाहेरच्या कोणाला तिथे कोण बसलं होतं ते. २०२० ला ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये रशियाबरोबर सुवर्ण वाटून घेतलं तेव्हा कॅप्टन विदितच होता. आणि बुद्धिबळात तर प्रत्येकाचा पट वेगळा, प्रत्येकाचा गुण वेगळा, हिशेब मांडणं सोपं. तिथे ही कथा, तर काउंटरमध्ये एकाचा किल आणि दुसऱ्याचा फ्लॅश वेगळे काढायचे कसे?

रेटिंगवाले अगदीच गाढव नाहीत, हेही सांगतो. २०१७ ला २.० आलं, त्यात असिस्ट, राउंडच्या शेवटी जिवंत राहणं, आपण मेल्यावर साथीदाराने बदला घेणं, हे थोडंफार मोजायला लागले. २०२५ ला ३.० आलं, आता समोरच्याच्या हातात पिस्तूल होतं की एके, हेही बघतात. पण तुमच्या पैशाची बंदूक दुसऱ्याने किती राउंड चालवली, हा रकाना अजून मला दिसलेला नाही.

आता सिंपल. २०१६ ला तो नावीत आला आणि पाच वर्षं मेजरविना राहिला. मिळालं २०२१ ला, स्टॉकहोममध्ये, एकही मॅप न हरता. मधल्या काळात त्याचा नेम सुधारला का? नेम आधीपासूनच तसा होता. बाजूची माणसं बदलली. बूमिच कॉल देत होता, बिट नावाचं अठरा वर्षांचं पोरगं आलं होतं, आणि मरायला, बंदूक द्यायला, मागची बाजू धरायला परफेक्टो होता. आणि गंमत बघा, सिंपल बाजूला झाल्यावर नावीने मार्च २०२४ ला कोपनहेगनचं मेजर जिंकलं, त्याच्याशिवाय. हे ऐकल्यावर तुमचा रूममेट 'टीम नशीबवान होती' म्हणेल. म्हणू द्या.

मग झायवू तरी का? कारण तो आकड्यांत सिंपलच्या तोडीचा आहेच. २०१९, २०२० आणि २०२३ ला पहिला नंबर त्याचाच. पण त्याच्या टीमकडे बघा. पॅरिस २०२३ ला घरच्या लोकांसमोर एकही मॅप न हरता मेजर, २०२५ ला कॅटोविस, मेलबर्न, डॅलसच्या टुर्नामेंट, आणि जूनमध्ये ऑस्टिनचं मेजर. कॉल देणारा एपेक्स शेजारी बसून घसा फुटेपर्यंत ओरडतो आणि हा शांतपणे ऐकतो. जो स्टार दुसऱ्याचं ऐकतो त्याला मी दोन गुण जास्त देतो. आमच्या स्टारने कधी माझा एक कॉल ऐकला नाही.

डेमोचं विचारलंत, तर दोघांचेही बघू नका. त्यांचा हात तुम्हाला येणार नाही, मलाही आला नाही. २०१८-१९ च्या एस्ट्रालिसचा न्यूक मॅपवरचा कुठलाही डेमो उघडा, कॅमेरा झिप-नाइन-एक्सवर लावा आणि अर्धा तास हलवू नका. कंटाळा येईल. तो कोणत्या क्षणी फ्लॅश हातात घेतो, आणि त्याच क्षणी डिव्हाइस कुठे उभा असतो, एवढंच बघा. मग तोच राउंड डिव्हाइसच्या बाजूने बघा. क्रम उलटा करू नका, नाहीतर तुम्हीही रूममेटसारखे व्हाल.

रशियाच्या डोंकचं नाव कोणी घेईलच. सतराव्या वर्षी कॅटोविसची टुर्नामेंट आणि त्याच वर्षी शांघायचं मेजर, दोन्हीकडे एमव्हीपी, म्हणजे बेस्ट प्लेयर, वर २०२४ चा पहिला नंबर. पोरगं भयानक आहे. पण त्याची अजून बरीच वर्षं जायचीत. तोवर थांबा. आणि वन पॉइंट सिक्सवाल्या जुन्या मंडळींनी त्या काळच्या निओ आणि फॉरेस्ट या स्टार प्लेयरांचं नाव का नाही म्हणून माझ्यावर धावून येऊ नये. निओ तर २०१४ ला नव्या गेममध्येही कॅटोविसचं मेजर जिंकला. पण प्रश्न दोघांचाच होता. व्हॅलोरंट या दुसऱ्या गेमचं मला काही विचारू नका, तिथे माणसं जादू करतात.

राहिली पैज. मिसळीने हा वाद मिटणार नाही, वर्षभराने पुन्हा निघेल. त्यापेक्षा जो हरेल त्याने महिनाभर समोरच्याला स्नायपर घेऊन द्यायची, स्वतः पिस्तुलावर खेळायचं, आणि महिन्याच्या शेवटी टॅब दाबून स्वतःचा आकडा मोठ्याने वाचायचा. दादालाही हीच ऑफर आहे, तो हे वाचेल हे मला माहीत आहे. रविवारी संध्याकाळी मी मोकळा असतो, आणि या वेळी एडब्लूपी माझ्या हातात असेल.