गाणं शिकलेलो नाही, फक्त ऐकतो. संगीतावरचं कोणतं मराठी पुस्तक आधी वाचू?

सुरुवात गोविंदराव टेंब्यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’पासून करा. ते स्वतः नामांकित पेटीवादक, त्यामुळे भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँ ही थोर गवई मंडळी दुरून नाही, मैफलीत शेजारी बसल्यासारखी भेटतात. गाण्याचं व्याकरण येत नसलं तरी अडत नाही. मग वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’ (1961). हे जरा दमानं. एक घराणं, म्हणजे गायकीची एक परंपरा, वाचायचं, त्यातल्या गवयाची ध्वनिमुद्रिका ऐकायची, मगच पान उलटायचं.

भातखंड्यांची क्रमिक पुस्तक मालिका मात्र वाचायची नव्हे, गायची. पण तिची गोष्ट मला फार आवडते. उस्ताद चिजा, म्हणजे रागांत बांधलेली गाणी, जिवापाड जपत, सहजासहजी कुणाला देत नसत. भातखंडे या मुंबईच्या वकिलानं गावोगाव फिरून त्या मिळवल्या आणि स्वरलिपीत, म्हणजे सुरांच्या खुणांत, लिहून सहा भागांत छापून टाकल्या! स्वरलिपीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं) नीट पकडता येत नाही ही तक्रार खरीच, तरी चीज सगळ्यांची झाली.

आणि एकट्यानं वाचू नका. आम्ही दोघं मित्र वाचता वाचता एकमेकांना रेकॉर्डिंग पाठवतो. ‘सव्वादोन मिनिटांनंतरची जागा ऐक’ एवढाच निरोप असतो. त्यावर अर्धा तास भांडण ठरलेलं.