वाकून जाल, पण वळाल कुठे?

रस्त्याखालच्या मोऱ्या, पावसाळी गटारं आणि जुनी भुयारं यांत शिरू पाहणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न. उत्तरं दिली आहेत गुहांमध्ये फिरण्याची आणि बंदिस्त जागांत काम करण्याची सवय असलेल्या मंडळींनी.

आमच्या भागात ओढ्याला एक मोठा पाइप येऊन मिळतो. उन्हाळ्यात तो जवळजवळ कोरडा असतो. आम्ही तिघं मित्र आत जायचं म्हणतोय. कंबर न मोडता जायची पद्धत कोणती?
— नि. दे., सहकारनगर

आधी टेप घेऊन तोंडाशी व्यास मोजा. सिमेंटचे ह्यूम पाइप ठरावीक मापांचे असतात. नेहमी दिसणारी मापं म्हणजे 450, 600, 900, 1200 आणि 1800 मिलिमीटर. मोजलेल्या व्यासातून तळाचा गाळ वजा करा. 1200 च्या पाइपात वीतभर गाळ असेल, तर तुमच्या वाट्याला मीटरभरच उंची येते.

1800 च्या पाइपात बहुतेकांना हेल्मेट घालून जेमतेम उभं राहता येतं, त्यामुळे तिथे शिकण्यासारखं फार नाही. खरी अडचण 1200 ला सुरू होते. नवखा माणूस इथे पाठीतून वाकतो आणि पंधरा मिनिटांत बसकण मारतो. पाठ सरळ ठेवून कमरेच्या खुब्यातून वाका, गुडघे थोडे दुमडा आणि तळहात गुडघ्यांच्या वर मांडीवर टेका. धडाचा भार हातांवाटे पायांत उतरतो आणि पाठीचे स्नायू मोकळे राहतात. दोन फुटांची काठी असेल तर एका हाताला आलटूनपालटून विसावा मिळतो. शिवाय तीच पुढचा गाळ चाचपायला उपयोगी पडते.

पाय कुठे पडतो यालाही महत्त्व आहे. मधोमध पाण्याची चिंचोळी धार असते. तिच्या दोन्ही कडांना, पाणी रोज जिथवर चढतं तिथवर, शेवाळ्याचा बुळबुळीत पट्टा धरलेला असतो. त्या पट्ट्यावर पाऊल पडलं की ते घसरून मध्येच येणार. एक तर पाय फाकवून पट्ट्याच्या वर, कोरड्या सिमेंटवर ठेवा, नाही तर सरळ धारेतून चाला. पाय ओले होतील म्हणून कडेकडेने जाणारेच पडतात.

900 ला रांगणं आलं. उजवा हात आणि डावा गुडघा, मग डावा हात आणि उजवा गुडघा, अशी तान्ह्या मुलाची चाल ठेवा. दोन्ही हात पुढे टाकून अंग ओढत नेलं तर मनगटं लवकर भरून येतात. गुडघे उचलून हातापायांवर जायची माकडचाल वेगवान खरी, पण गाळाचा किंवा काचांचा तुकडा ओलांडण्यापुरतीच ती वापरा.

अंतर मोजायचं ते जोड मोजून. असा एक पाइप साधारण अडीच मीटर लांबीचा असतो. म्हणजे चाळीस जोड झाले की शंभर मीटर. दर वीस जोडांना पाठ भिंतीच्या गोलाईला टेकवून बसा आणि पाय लांब करा. पुढच्याने जोड मोठ्याने मोजावेत, मागच्याने घड्याळ बघावं. बाहेर यायला किती वेळ लागेल हे सांगणारे आकडे तुमच्याकडे एवढेच असतात.

600 च्या पाइपात जाऊ नका. का, ते पुढच्या उत्तरात.

पाइप पुढे अरुंद झाला तर वळायचं कसं?
— स्व. का., कोथरूड

ओढ्याच्या तोंडातून शिरलात तर पाइप पुढे अरुंद होणारच. पावसाळी वाहिनी उतारावर खाली येताना फांद्या घेत मोठी होते. तुम्ही उलट्या दिशेने चढत असल्यामुळे प्रत्येक फांदीपाशी ती लहान होत जाते.

1200 मध्ये उकिडवं बसून वळता येतं. 900 मध्ये वळायचं असेल तर आधी ढुंगण टेकून बसा. गुडघे छातीशी घ्या, पाठ गोलाईत रुतवा आणि पाय भिंतीवरून फिरवत स्वतःभोवती भोवऱ्यासारखे वळा. मध्यम बांध्याच्या माणसाला हे जमतं. उंच माणसाचे गुडघे अडतात, आणि पाठीवर सॅक असेल तर कोणालाच जमत नाही. म्हणून पहिल्या पाचसहा जोडांतच एकदा वळून बघा. तिथे जमलं नाही, तर आत शंभर मीटरवर गेल्यावर ते जमायचं काही कारण नाही.

600 मध्ये पोटावर सरपटावं लागतं. कोपर मागे घ्यायला जागा नसते, वळण्याचा तर प्रश्नच नाही. परतीला पायांकडून, न बघता, सरकत यावं लागतं. आत जायला दहा मिनिटं लागली असतील तर बाहेर यायला अर्धा तास धरा. तेवढ्यात पाय आपलाच ढकललेला गाळ मागे साचवत असतात.

गुहेतल्या अरुंद फटीची रीत वेगळी आहे. तिथे एक हात पुढे आणि दुसरा मांडीलगत ठेवतात, म्हणजे खांदे तिरके होऊन रुंदी कमी होते. श्वास सोडताना पुढे सरकायचं, घेताना थांबायचं. फट उताराची असेल तर पाय आधी घालतात, कारण डोकं खाली असताना अंग वर ओढायला जोर लावता येत नाही. पण दगडी फट दोनचार मीटरची असते. पाइप दोनशे मीटरचा असू शकतो आणि त्यात पाणी येतं.

सॅकविषयी एक सूचना. घोट्याला दोरी बांधून सॅक मागे ओढत न्यायची युक्ती काही जण सांगतात. सरळ जाताना ती छान वाटते. उलटं येताना मात्र तीच सॅक बूच होऊन बसते. सॅक लहान घ्या आणि पुढे ढकलत न्या.

चाकांच्या फळीवर झोपून गेलं तर गुडघे वाचतील ना? परदेशात स्केटबोर्ड वापरतात असं वाचलं.
— ऋ. भा., बाणेर

तिकडे वापरतात, हे खरं. स्वच्छ, कोरडा आणि एकसारखा पाइप असेल तर पोटावर झोपून हातांनी भिंत मागे लोटत बरंच अंतर जाता येतं. वीतभर रुंदीची फळी गोलाईच्या तळाशी नीट बसते, आणि मऊ, मोठी चाकं जोडांवरून उड्या मारत नाहीत. आपल्याकडे मात्र तळाशी वाळू, प्लॅस्टिक आणि नारळाच्या शेंड्या साचतात. बेअरिंगमध्ये वाळू गेली की चाकं थांबतात. पाइप खचून जोडापाशी बोटभर पायरी झाली असेल तर पुढचं चाक अडून तोंड आपटतं. ज्या पाइपात फळीची गरज भासते, तो वळता न येण्याइतका लहान असतो, हा तिसरा मुद्दा.

गुडघ्यांसाठी फरशी बसवणारे वापरतात तसे पॅड रविवार पेठेतल्या बोहरी आळीत बघा. कडक वाटीचे पॅड सपाट जमिनीवर चांगले, पण गोल पाइपात ते बाजूला सरकतात. मऊ पॅड पँटच्या आतून घाला. गमबूट नकोत. एकदा आत पाणी शिरलं की तीनचार किलोंचं लोढणं होतं. घोट्यावर घट्ट बांधलेले जुने बूट आणि जाड मोजे पुरतात. हातमोजे रबराचा लेप दिलेले घ्या.

विजेऱ्या प्रत्येकाकडे तीन हव्यात, त्यातली एक हेल्मेटवर. दोनअडीचशे ल्यूमेन भरपूर झाले. आतल्या दमट हवेत कपाळावरच्या दिव्याचा झोत स्वतःच्याच वाफेवर पडून पांढरा पडदा उभा राहतो. तसं झालं तर दिवा कमरेशी धरा, लगेच दिसू लागतं.

हवा चांगली आहे का हे बघायला मेणबत्ती न्यावी का?
— प्र. शि., हडपसर

नको. ज्वलनशील वायू असेल तर मेणबत्ती स्फोट करील, आणि विषारी वायू असेल तर ती शांतपणे जळत राहील. पुण्यातल्या बऱ्याच पावसाळी वाहिन्यांत मैलापाणी मिसळलेलं असतं, आणि त्याच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. ‘आता वास गेला’ असं वाटलं तर तो धोक्याचा इशारा समजा. शिवाय हा वायू गाळात बुडबुड्यांच्या रूपात अडकलेला असतो आणि पाय पडला की सुटतो. स्थिर हवेत घेतलेलं माप दहा पावलांवर खोटं ठरू शकतं.

चार वायू मोजणारं यंत्र मिळतं. ते ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतं. स्वच्छ हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली आला किंवा हायड्रोजन सल्फाइड दहा भागांवर गेला की माघार घ्यायची. यंत्र तपासून घेतलेलं हवं, आणि ते सतत चालू, छातीशी हवं. ते नसेल तर दोन्ही टोकांनी उजेड दिसणाऱ्या मोरीपलीकडे जाऊ नका.

आत कोणी कोसळला तर मागोमाग आत शिरू नका. अशा घटनांत वाचवायला उतरलेलेही जीव गमावतात. अग्निशमन दलाला 101 किंवा 112 वर फोन करा.

पावसाळा सोडून कधीही गेलं तर चालेल ना?
— मे. जो., धनकवडी

एप्रिल-मे महिन्यांतला वळीव विसरलात. दुपारी चारपर्यंत कडक ऊन आणि पाचला गारा, हे पुणेकरांना सांगायला नको. ओढ्यांचं पाणी डोंगरावरून येतं. कात्रजच्या बाजूला ढग फुटला तर खाली दत्तवाडीत तोवर रस्ता कोरडा असू शकतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं, ते तुमच्या भागाने पाहिलं आहे.

साधा हिशेब करा. दहा हेक्टर, म्हणजे सुमारे पंचवीस एकर, सिमेंटची वस्ती धरा. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के वाहून आला, तर सेकंदाला 1100 लिटर पाणी होतं. दोनशे मीटरला एक मीटर उतार असलेला 900 चा पाइप त्याने बऱ्याच अंशी भरतो आणि पाणी सेकंदाला दोन मीटर धावतं. म्हणजे मिनिटाला 120 मीटर. तुम्ही रांगत पंधरावीस मीटर जाल. पुढून अचानक गार वारा आला, गुणगुण ऐकू आली किंवा धार गढूळ होऊन त्यात पालापाचोळा दिसला, तर तिथूनच परत फिरा. मात्र ही लक्षणं दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. जायचंच तर थंडीत, सकाळी आणि आकाश निरभ्र असताना.

चौथा माणूस बाहेर ठेवा. आत मोबाइल लागत नाही आणि हाक घुमून शब्द कळत नाहीत, म्हणून शिट्टी वापरा. एक शिट्टी म्हणजे थांबा, तीन म्हणजे बाहेर. परतीची वेळ ठरवून त्याला सांगा. ती टळली तर त्याने आत डोकवायचं नाही, फोन करायचा.

चेंबरचं झाकण उघडून वर निघू, हा बेत मनातून काढून टाका. झाकण खालून उचलणं अवघड, कित्येक झाकणं डांबराच्या थरांखाली गेलेली, आणि उरलेल्यांवरून बस जात असते.

परवानगी लागते का?
— ग. पा., खडकी

लागते, आणि छंदासाठी ती मिळेल अशी आशा धरू नका. वाहिन्या महापालिकेच्या आहेत. तुमच्या बाजूला कॅन्टोन्मेंट आणि संरक्षण खात्याची जमीन आहे, तिथे तर जवळपासही फिरकू नका. सरावाला एवढं लांब जायची गरजही नाही. जेवणाचं टेबल अडीच फूट उंच असतं. अशी चार टेबलं जोडून त्यांखालून वीस फेऱ्या मारा. पाइपची गोलाई सोडली तर बाकी सगळं कळतं. रस्त्याकडेला महिनोन्‌महिने पडून असलेल्या पाइपांत सराव करू नका. 900 चा एक पाइप टनापेक्षा जड असतो आणि खाली उटी, म्हणजे अडवणारा दगड, नसेल तर लोळतो.

कात्रजच्या पेशवेकालीन भुयारी नळातून चालत जाता येतं का?
— सु. आ., बिबवेवाडी

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत हा नळ नेला. पाणी नुसत्या उताराने येई. मध्ये मध्ये हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास बांधले. शहरात ते पाणी हौदांत सुटे. बदामी हौद, पंच हौद ही नावं हौदांच्या त्याच काळाची आठवण ठेवून आहेत. काही भागांत माणूस उभा चालेल एवढी उंची होती, त्यामुळे मोह समजतो. पण वरून रस्ते आणि इमारती आल्या, सांडपाणी शिरलं, दगड निखळले. वायू आणि पाणी यांच्या जोडीला इथे छत कोसळण्याची भीती आहे. उतरू नका. उच्छ्वास वरून शोधत कात्रजपासून पेठांपर्यंत पायी या. एक रविवार चांगला जातो.

कोरड्या मोरीत साप असतात का? आणि बाहेर आल्यावर काय काळजी घ्यावी?
— वै. ल., वारजे

असतात. घोणस आणि नाग सावलीला येतात, कधी छताला गांधीलमाश्यांचं पोळं असतं, कधी पिल्लं घेऊन कुत्री बसलेली असते. आधी दोन्ही तोंडांतून उजेड टाकून बघा आणि काठी आपटत जा.

बाहेर आल्यावर साबणाने हातपाय आणि गुडघे घासून धुवा, त्याआधी पाण्याच्या बाटलीलाही तोंड लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी जायचंच नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याची लक्षणं दोन दिवसांपासून महिन्याभरात कधीही दिसू शकतात. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना ‘गटारात गेलो होतो’ असंच सांगा. लाजून ‘ट्रेकला गेलो होतो’ म्हणालात, तर ते आधी डेंग्यूच तपासत बसतील.