कोरडं तोंड आणि दातांची कीड

प्रश्न: मी एचआयव्हीसाठी नियमित एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारी औषधं) घेतो, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात आहे. तरी तोंड सारखं कोरडं पडतं. अलीकडे दोन दातांना कीड लागली, मध्यंतरी जिभेवर पांढरा थरही आला होता. काय काळजी घ्यावी? दातांच्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगावं का?

उत्तर: किडीचं मूळ बहुधा कोरड्या तोंडातच आहे. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन टाकते. ती कमी झाली की दात उघडे पडतात. एचआयव्हीमुळे लाळग्रंथी बिघडू शकतात. अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने एकही गोळी थांबवू नका. दिवसभर घोटघोट पाणी प्या, साखर नसलेलं च्युइंगम चघळा. तोंड ओलं राहावं म्हणून गोड गोळ्या चघळत राहण्याची सवय मात्र फार महागात पडते: साखर तोंडात रेंगाळते आणि ती धुवायला लाळच नसते.

सकाळी आणि झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दोन-दोन मिनिटं दात घासा. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा. पेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड हवं. घासल्यावर फेस थुंका, लगेच चूळ भरू नका. फ्लोराइड दातांवर राहू द्या. झोपेत लाळ आणखी कमी होते, त्यामुळे रात्रीचं घासणं एकही दिवस चुकवू नये. दातांच्या फटी रोज फ्लॉसने (दातांसाठीच्या बारीक दोऱ्याने) साफ करा. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस करा. जास्त दिवस केल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

पांढरा थर पुसल्यावर निघून खाली लालसर दिसत असेल, तर ती बहुधा बुरशी. जिभेच्या कडेला, पुसून न निघणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा वेगळ्या. त्यांचं कारण एक विषाणू असतो. दोन्ही डॉक्टरांना दाखवाच. बुरशीवरच्या, आधीच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, त्यांतल्या काहींचं एआरटीशी जमत नाही. थर पुन्हापुन्हा येत असेल तर सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) आणि व्हायरल लोड तपासून घ्या. बुरशी वाढू नये म्हणून कवळी असेल तर रात्री काढून स्वच्छ करा. दम्याचा स्टेरॉइड पंप घेत असाल तर तो घेतल्यावर दर वेळी चूळ भरा.

दातांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. हत्यारं निर्जंतुक करण्याची पद्धत प्रत्येक रुग्णासाठी सारखीच असते, त्यामुळे तेवढ्यासाठी हे सांगायची गरज नाही; कारण वेगळं आहे. तुमच्या गोळ्या आणि रक्ताचे अहवाल कळले, तर औषध निवडताना किंवा दात काढताना चूक होत नाही. तोंड कोरडं असताना सहा महिन्यांऐवजी दर तीन-चार महिन्यांनी तपासणी करून घ्या.

दातांमधल्या हिरडीची टोकं झडणं, तिथे ठणका आणि घाण वास, गिळताना दुखणं, जांभळट डाग किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.