आपल्याकडे खाणी नाहीत, मग कोळसा कामगारांच्या संपाने भुसावळला काय फरक पडतो?

फरक पडतो, कारण भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्राला कोळसा लागतो आणि तो खान्देशात निघत नाही. बराचसा विदर्भाकडून मालगाडीने येतो. तिकडे काम थांबलं की इकडे साठ्याचे दिवस मोजायला लागतात.

संप कशासाठी होतात? पगारासाठी तर असतातच, पण अलीकडचे दोन मोठे संप खासगीकरणाविरुद्ध होते. १९७१-७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या. जानेवारी २०१५ मध्ये खासगी कंपन्यांना पुन्हा वाट देणाऱ्या नव्या कोळसा वटहुकुमाविरुद्ध पाच केंद्रीय संघटना एकत्र आल्या, आणि २ ते ४ जुलै २०२० ला व्यावसायिक उत्खननाविरुद्ध, म्हणजे खासगी कंपन्यांनी कोळसा काढून बाजारात विकण्याविरुद्ध, पुन्हा काम बंद.

माझ्या मते खरी गोची मात्र वेगळीच आहे. माझा मावसभाऊ चंद्रपूरकडे उघड्या खाणीत डंपर चालवतो, ठेकेदाराकडे. सुटीत घरी आला की मावशी आधी त्याचा रुमाल भिजत घालते. तीन पाण्यातून काढला तरी काळाच. त्याच खड्ड्यात तसलाच डंपर चालवणाऱ्या कायम कामगाराला संघटना आणि सरकारी कोळसा कंपनीतला वेतन करार लागू. अकरावा करार १ जुलै २०२१ पासूनचा, त्यात १९ टक्के वाढ. भाऊला मिळते ठेक्याची मजुरी. ती कोळसा कंपनीच्या समितीने ठरवून दिलेली असते म्हणे, पण त्याच्या हातात कमीच पडते. युनियनचं नाव काढलं की ठेकेदार म्हणतो, "उद्यापासून येऊ नको."

संपात तो गेला होता का, हे विचारलं तर हसतो. गेट बंद होतं, दोन-तीन दिवसांचा रोज बुडाला, एवढंच सांगतो.