कलम धरून बोल

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री जागून तू आमदारांसाठी चौदा पानांचं टिपण केलंस. तुमच्या आमदारांना तुरुंगांच्या विधेयकावर बोलायला पाच मिनिटं मिळाली आणि त्यातली चार त्यांनी एका बड्या आरोपीला आत घरचा डबा कसा पोचतो यावर घालवली. मग घंटी वाजली, ‘होयचे बहुमत’ झालं आणि पुढचं विधेयक पुकारलं गेलं. आता तू विचारतेस, कायदा मुळात चांगला असेल तर चर्चा लांबवून कैद्यांचंच नुकसान होत नाही का? आणि हे सगळं सोडून आर्थर रोडला जाऊन जामिनाचे अर्ज लिहिले तर काय बिघडलं?

दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो. पहिल्या प्रश्नानं मात्र मी अस्वस्थ झालो. हा युक्तिवाद मी आयुष्यभर सत्तेतल्या लोकांच्या तोंडून ऐकलाय, पक्ष कुठलाही असो. चांगलं काम आहे, अडवू नका. तुझ्याकडून तो ऐकायची माझी तयारी नव्हती.

उशीर कुणी केला ते आधी बघ. तुरुंगांचा कायदा १८९४चा. न्या. मुल्ला समितीनं १९८३ साली अहवाल दिला आणि कारागृहांची सगळी व्यवस्था बदलायला सांगितली. केंद्राचा आदर्श कायदा यायला २०२३ साल उजाडलं. तुरुंग हा राज्य सूचीतला विषय, त्यामुळे पुढचं ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं करायचं. इतकी वर्षं फाइल हलली नाही तेव्हा कैद्यांचं नुकसान कुणाला दिसलं नाही. ते दिसायला लागतं एखादा सदस्य कलम वाचायला उभा राहिला की. दशकांचा उशीर सरकारचा आणि त्याची भरपाई चर्चेच्या दोन तासांतून करायची, हे मला कधीच पटलं नाही आणि आता या वयात पटणार नाही.

चर्चेला मर्यादा असू नये असं मी म्हणत नाही. कामकाज सल्लागार समितीनं वेळ ठरवायचाच असतो, नाहीतर एकही विधेयक पार पडणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. वेळ पाच मिनिटं असो की पन्नास, कलम धरून बोल. विषयावर बोलणारा माणूस वेळ कितीही दिला तरी वाया घालवतो. कलमावर बोलणाऱ्याला मंत्री उत्तर देतात, किंवा देत नाहीत. दोन्ही गोष्टी कार्यवृत्तात जातात.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घे. हे तुला पाठ असायला हवं, टिपणात मात्र त्याला तू अर्धा परिच्छेद दिलास, याचा मला राग आला. आधी कधीच शिक्षा न झालेला कच्चा कैदी, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असा, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. इतरांसाठी जुन्यासारखीच निम्म्याची अट. ऐकायला किती छान! देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, त्यामुळे याचं स्वागतही झालं. पण पोटकलम २ वाच. एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला प्रलंबित असेल तर ही सवलत नाही.

आता लोकलमधल्या मोबाइल चोरीचा पोरगा डोळ्यांपुढे आण. एकच एफआयआर. त्यात चोरीचं कलम आणि चोरीचा माल जवळ बाळगल्याचं कलम, दोन्हींना कमाल तीन वर्षं. वर्षभर आत काढल्यावर त्याचा वकील अर्ज घेऊन उभा राहतो आणि सरकारी वकील शांतपणे पोटकलम २ वाचून दाखवतो: गुन्हे दोन आहेत, साहेब. जुन्या संहितेतल्या ४३६अ मध्ये ही अट नव्हतीच, तो दीड वर्षानं तरी सुटू शकला असता. सुधारणेच्या कायद्यानं त्याचा तोही आधार काढून घेतला. ‘एकाच घटनेतली दोन कलमं यात धरायची की नाही?’ हा प्रश्न विचारायला एक मिनिट पुरतं. या संहितेचं विधेयक लोकसभेत २० डिसेंबर २०२३ला आणि राज्यसभेत २१ला मंजूर झालं. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले होते. मंत्र्यांना उठून स्पष्ट उत्तर द्यावं लागेल इतका हा प्रश्न ताणायला बाकांवर माणसं लागतात.

पुढचंही बघ. संहिता लागू झाली १ जुलै २०२४ला; हे कलम त्याआधीच्या खटल्यांतल्या बंद्यांना लागू आहे का, हे ठरायला २३ ऑगस्ट उजाडला आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. सभागृहात जे वाक्य मागून घेता येतं ते न मागितल्यामुळे कुणीतरी ते आठवडे बराकीत काढतो. सभागृहाचा वाचलेला वेळ असा आत भरून द्यावा लागतो. पोटकलम ३ सांगतं की मुदत भरली की अधीक्षकानं स्वतः कोर्टात अर्ज करायचा. नाही केला तर काय, यावर कलम गप्प आहे. हेही एक मिनिटाचंच काम होतं. कलम धरून बोल, असं मी म्हणतो ते यासाठी.

हेतू चांगला असून भागत नाही, याचा दाखला तुला हवाच असेल तर ३ ऑक्टोबर २०२४चा निकाल वाच. तुरुंगात जात बघून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटणाऱ्या नियमावल्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवल्या. याचिका मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची. न्यायालयानं २०२३च्या आदर्श कायद्यातही दुरुस्ती करायला सांगितली. म्हणजे सुधारणेसाठीच लिहिलेल्या मसुद्यातही हे भोक राहिलं होतं.

घटना समितीत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि त्यातल्या २,४७३ चर्चेला घेऊन निकाली काढल्या गेल्या. बाबासाहेबांनी शेवटच्या भाषणात कामत, पंजाबराव देशमुख, सिधवा अशा पक्षशिस्त न मानणाऱ्या सदस्यांची नावं घेऊन त्यांचे आभार मानले. अटक झालेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं, त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, हे अनुच्छेद २२ मधलं संरक्षण आलंच मुळी व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर लोक नाराज होते म्हणून. ती नाराजी ऐकून घेऊन १५ सप्टेंबर १९४९ला बाबासाहेबांनी स्वतः नवं कलम मांडलं. तेव्हाही देशाला घाई होतीच की.

मला लोक वेळखाऊ म्हणायचे. विधान परिषदेतल्या एका सदस्यांना मी दुरुस्त्या लिहून द्यायचो. एकदा त्यांच्या पक्षाच्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन सूचना ठेवा, बाकीच्या मागे घ्या, साहेबांना गावी जायचंय. मी नाही घेतल्या. ते काम माझ्या हातून गेलं आणि त्या सदस्यांशी असलेला वीस वर्षांचा स्नेहही गेला. स्नेह गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. दुरुस्त्यांबद्दल नाही. कैद्याला मतदानाचा हक्क नाही आणि मोर्चा काढता येत नाही. सभागृहात त्याच्या कलमावर कुणी उभं राहिलं नाही तर त्याच्या वतीनं बोलणारं दुसरं कोण आहे?

मात्र घोषणा देत सभात्याग करणाऱ्यांचीही मी बाजू घेणार नाही. कलमांवर मतदान सुरू असताना पायऱ्यांवर फलक धरून उभं राहायचं आणि संध्याकाळी चर्चा झाली नाही म्हणून ओरडायचं, याची मला चीड येते. तुमचे आमदार निदान आत बसले होते. त्यांना चौदा पानं देणं चूक होतं आणि ती तुझी चूक. एक कलम, एक प्रश्न, एक दुरुस्ती. अर्ध्या पानात, मोठ्या टायपात. घंटी वाजायच्या आत ते वाचून होतं.

आता आर्थर रोडचं. जा ना! क्षमतेच्या तिपटीवर भरलेल्या त्या बराकींतल्या माणसांना अर्ज लिहून देणारा कुणीही हवाच आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, जामीनदाराच्या ऐपतीचे (सॉल्व्हन्सीचे) कागद नाहीत, म्हणून आत बसलेले तुला पहिल्याच आठवड्यात भेटतील. पोलीस एस्कॉर्ट नव्हता म्हणून तारखेला नेलंच नाही, असं सांगणारेही भेटतील. पण आमदारांचं काम सोडून जाऊ नकोस. शनिवारी तिकडे जा, आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे तो नेमक्या कुठल्या कलमानं अडकलाय ते लिहीत जा. अशी वही कुठल्याच सदस्याकडे नसते.

आणि विधेयक मंजूर झालं म्हणून संपलं असं समजू नकोस. खरा तुरुंग नियमांत असतो: मुलाखत किती मिनिटांची, संचित रजा कुणाला नाकारायची, अंडा सेलमध्ये, म्हणजे कडेकोट बंदोबस्ताच्या कोठडीत, किती दिवस. कायद्याखालचे नियम सहसा सभागृहापुढे ठेवावे लागतात आणि तेव्हा ते कुणी उघडूनही बघत नाही. तू बघ.

बुधवारी संध्याकाळी घरी ये. विधेयकाची मूळ प्रत आण, बातम्यांची कात्रणं नकोत. पोटकलम २ वरचा प्रश्न अर्ध्या पानात बसवून आण, तो आपण तिथेच तासू.

तुझा,
सर